बेळगावचे सायकलवाले लक्ष्मणराव

गेल्या वैशाखात एका मैफलीच्या निमित्ताने बेळगावास जाण्याचा योग आला. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी नुकतीच परदेशी बनावटीची, दोनच माणसे बसतील अशी स्पोर्ट्स मोटार घेतली होती. एवढी गाडी दाराशी असताना मास्तरांनी एस.टी.ने का जावे, असे म्हणून त्यांनी मला आग्रहाने शेजारी बसवले. गाडीत तंबोऱ्याला जागा नव्हती. तो आदल्या दिवशीच एका शिष्याबरोबर पुढे गेला होता. ते एका परीने बरेच झाले. कागल मागे पडले, निपाणी मागे पडली आणि तवंदीच्या घाटाला लागतो न लागतो तोच समोरच्या फळीवर एक तांबडा दिवा लागला. गाडीने दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला जी उभी राहिली ती राहिलीच.

निपाणीहून एक जाणता फिटर बोलावून आणला. त्याने बॉनेट उघडले, आत पाहिले आणि नम्रपणे मिटले. हिला कॉम्प्युटर लावल्याशिवाय दुखणे कळायचे नाही, आणि तो कॉम्प्युटर फक्त कंपनीकडेच असतो, असे तो म्हणाला. कंपनीला फोन झाला. गाडीला कोणी हात लावू नये, नाहीतर हमी रद्द होईल, एवढीच काय ती मदत तिकडून तत्परतेने मिळाली. मोटार न्यायला ट्रक आला तो रात्री. मी मालवाहू टेम्पोत बसून बेळगाव गाठले. बिघडलेला भाग समुद्रापलीकडून यायला पुढे सात आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात त्या गृहस्थांनी किती जणांना किती वेळा फोन केले त्याचा हिशेब त्यांनी वहीत लिहून ठेवला आहे. गाडीचा वेग विचारणाऱ्याला ते हल्ली ती वही दाखवतात.

ट्रकची वाट पाहत असता आम्ही जवळच्या एका वस्तीवर पाणी प्यायला गेलो. तिथे चिंचेच्या बुंध्याशी एक जुना लोखंडी नांगर टेकून ठेवलेला होता. गंज चढला होता, तरी ओतकामातली अक्षरे बोटाने चाचपता येत होती : किर्लोस्कर. घरच्या म्हाताऱ्याने सांगितले की, नांगर त्याच्या वडिलांनी घेतलेला. फाळ किती वेळा बदलला याची मोजदाद नाही, पण नवा फाळ बसला नाही असे एकदाही झाले नाही. रस्त्यावर ती चकचकीत मोटार आणि झाडाखाली हा नांगर! लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी चार शब्द लिहावेत असे तेव्हाच मनात आले.

लक्ष्मणराव मूळचे याच बेळगाव जिल्ह्यातले. जन्म २० जून १८६९, गाव गुर्लहोसूर. नाट्यसंगीताच्या आम्हा भक्तांना हे गाव दुसऱ्याच कारणाने तीर्थासारखे आहे, कारण १८८० साली संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही तिथलेच. एकाच लहानशा गावाने महाराष्ट्राला गाणारे नाटक दिले आणि फिरणारे यंत्रही दिले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. चित्रे काढावीत, वस्तू खोलून पाहाव्यात, यात रमे. वडील बंधू रामुअण्णांनी पाठबळ दिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे एक विलक्षण अडचण निघाली. काही रंगांतला भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. गळा गोड आहे, पण कोमल-तीव्राचा फरक कानाला कळत नाही, असे विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना काय सांगावे हे मला सुचत नाही. लक्ष्मणरावांनी स्वतःच मार्ग काढला. रंग सोडले, रेघ धरली. यांत्रिक रेखनाचे शिक्षण घेऊन ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर उतरवायचा म्हणजे तो भाग कशासाठी आहे आणि तो कुठे झिजणार, हे आधी समजावे लागते. हे शिक्षण त्यांना जन्मभर पुरले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. आज ती गरिबाचे वाहन झाली आहे. परंतु त्या काळी तिचा तोरा आजच्या स्पोर्ट्स मोटारीहून कमी नव्हता. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल विलायतेत नुकतीच रूढ होत होती. डनलॉपची हवा भरलेली धाव निघाली ती १८८८ सालची. किंमत सातशे ते हजार रुपये असे सांगतात. तेवढ्या रकमेत त्या काळी साधे घर उभे राहिले असते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात रामुअण्णा त्या विकीत. किर्लोस्कर बंधूंचा धंदा १८८८ साली असा सुरू झाला. पुढे १८९७ साली लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि ते बेळगावास परतले.

सायकल विकणे हा या धंद्याचा सोपा भाग. घेणाऱ्याला ती चालवता येत नसे. म्हणून शिकवणे आले, आणि शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे घेत असत अशी आठवण सांगतात. शिकल्यावर गिऱ्हाईक जे निघे ते आपल्याकडच्या रस्त्यांवर! खडी, फुफाटा, आणि बाभळीचे काटे. हवेच्या धावेला काट्याशी वैर. साखळीत धूळ गेली की ती ताणते. चाकाच्या तुंब्यातल्या बारीक गोळ्या माती खाऊन झिजतात. बनवणारा सातासमुद्रापलीकडे. भाग मागवायचा तर पत्र बोटीने जाणार आणि भाग बोटीनेच येणार. तोपर्यंत गिऱ्हाइकाचे तोंड कोणी पाहायचे? अर्थात दुकानदाराने. इंग्लंडातल्या कारखानदाराला बेळगावच्या माणसाचा राग कधी ऐकू आला नाही. तो लक्ष्मणराव-रामुअण्णांना रोज ऐकावा लागला असेल. माझी अशी समजूत आहे की, पुढे कारखानदार झालेल्या या माणसाची खरी शाळा मुंबईची नव्हे, ही बेळगावची. आजही तिथल्या त्या रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.

सायकलींनंतर ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके वाचून वाचून ओतकामाची विद्या त्यांनी मिळवली. १९०३ साली नांगर तयार झाला, पण शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी लोकांची समजूत होती. ही समजूत हसण्यावारी नेण्याचा मोह होतो. मला तसे करवत नाही. शेतकऱ्याच्या भीतीत एक व्यवहारही होता. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी, फाळाला लोहार धार लावी. नवा नांगर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड भट्टीत घालून ठोकता येत नाही. ठोकले तर तडकते. म्हणजे नांगर घेतला की शेतकरी गावच्या लोहाराच्या हातून सुटला आणि परक्या कारखान्याच्या हाती गेला. ऐन नांगरटीत फाळ मोडला आणि कारखान्याने पाठ फिरवली तर? तवंदीच्या घाटात आम्हांला जो प्रश्न पडला तो हाच.

पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे गेली. आणि तेही फाळांची टोके मऊ निघाल्यामुळे परत आले, अशी हकीकत सांगितली जाते. नव्या कारखान्याच्या दारात त्याचा सगळा खपलेला माल परत येऊन पडावा, याहून मोठी परीक्षा कोणती असेल? सबबी पुष्कळ होत्या. तुमची जमीन खडकाळ, तुमचे बैल ओढाळ, तुमचा गडी अडाणी, असे सांगता आले असते. आज फोनवर सांगतात तसेच. पण मऊ टोक हा ओतकामाचा दोष होता आणि त्याचा उपाय ओतशाळेतच करावा लागणार होता. ओतताना टोक झटकन थंड होईल अशी योजना केली तर तेवढाच भाग काचेसारखा कठीण होतो आणि मागचा भाग सोसणारा राहतो. हे साधल्याशिवाय तो नांगर आमच्या मुरमाड माळावर टिकलाच नसता. पुढे तो टिकला. हरळी आणि कुंदा ही आमच्या काळ्या जमिनीची जुनी दुखणी. लाकडी नांगर त्यांना वरवर खरवडतो. लोखंडी नांगराने खोल जाऊन ढेकूळ उलथे टाकले की मुळ्या उन्हात वाळतात. शेजारच्या रानातली हरळी गेलेली शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिली, तेव्हा विषाची गोष्ट आपोआप मागे पडली.

इथे थोडे विषयांतर करतो. आमच्या वडिलांची दरबारात गवयाची चाकरी होती. त्यांचा तंबोरा मिरजेचा. तंबोरा घेतला म्हणजे व्यवहार संपत नाही. जवारी झिजते, तार घोगरी बोलू लागते, आणि मग ती पुन्हा उघडून घ्यावी लागते. वडील तंबोरा कापडात गुंडाळून मिरजेच्या सतारमेकरांच्या आळीत जात, आणि तो करणाऱ्याच्या घरातलाच कोणी तरी बोलता काही दोरा सरकवून, घासून, तार पुन्हा बोलती करून देई. लक्ष्मणरावांना साधायचे होते ते याहून अवघड. नांगर शेकड्यांनी, पुढे हजारांनी जाणार. प्रत्येकाला ओळखणारा कारागीर कुठून आणणार? तेव्हा मापच असे ठरवले पाहिजे की, आज ओतलेला फाळ दहा वर्षांपूर्वीच्या नांगराला मुकाट्याने बसावा. चिंचेखालच्या म्हाताऱ्याने जे सहज सांगितले ते याचेच फळ.

बेळगावात सगळे सुरळीत होत असतानाच नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी जागा सोडण्याची पाळी आली. त्या संकटात औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. औंधास गाणे होते (अंतूबुवा जोशी तिथलेच दरबारी गवई), चित्रे होती, आणि आता कारखानाही आला. कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या भांडवलावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. माळावर निवडुंग आणि साप. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी असे सहकारी, आणि राखणीला तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग हे एके काळी गुन्ह्यात शिक्षा झालेले पुरुष. ज्यांच्यावर कोणी विश्वास टाकत नव्हते त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखाना सोपवला, आणि ते विश्वासाला जागले.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतशाळेसाठी दिल्या, असे कोल्हापुरात अजून अभिमानाने सांगतात. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले. चरकाची गोष्ट तर नांगराहून निकडीची. गुऱ्हाळ चालू असता चरक मोडला तर तोडलेला ऊस फडात वाळतो आणि शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. गिऱ्हाइकाशी बोलत राहण्याची गरज या घराला किती वाटत होती, याची खूण म्हणजे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी काढलेले 'किर्लोस्कर खबर'. मराठी वाचकाला ज्या मासिकाने अनेक वर्षे मोहिनी घातली, ते जन्मले कारखान्याची आणि मालाची खबर देण्यासाठी! त्याच साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. १९२६ साली पंप आले, पुढे हरिहर, बंगळूर, पुणे. तो विस्तार सर्वांना ठाऊक आहे आणि त्यात पुढच्या पिढीचा वाटा मोठा आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्यानंतर सवा महिन्याने, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, गुर्लहोसूर ही सगळी गावे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपालाचे तिकीट काढले.

आमच्या त्या स्नेह्यांची मोटार अखेर दुरुस्त होऊन आली आहे. परवा पुन्हा बेळगावला चला म्हणून त्यांनी निरोप धाडला. मी होकार दिला. मात्र तंबोरा घेऊन एस.टी.ने येईन, असे कळवले आहे.