वायरीच्या टोकाला बसलेला माणूस : लिओ फेंडर

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की आपल्या पोरांना हेंड्रिक्स आठवतो, क्लॅप्टन आठवतो. त्यांच्या हातात स्ट्रॅटोकास्टर देणारा माणूस मात्र कुणाला आठवत नाही. त्याचं नाव लिओ फेंडर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री सोडाच, साधा डिप्लोमाही नव्हता. शिकला होता अकाउंट्स! ई. अँड टी. सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना हे लिहायला जरा जड जातं, पण खरं ते खरं.

मी कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. यंदा गॅदरिंगच्या तयारीत एकच वाद चालू आहे, की बेसची केबल काढून वायरलेस घ्यायचं का. ड्रमरचा पाय दर प्रॅक्टिसला माझ्या केबलमध्ये अडकतो, म्हणून तो वायरलेसच्या बाजूने. बँडचा खजिनदार विरुद्ध बाजूने, कारण उघड आहे. या भांडणात मी सहज शोधत गेलो की बेस गिटारला ही वायर लावली कुणी, आणि लिओपाशी येऊन थांबलो.

जन्म १० ऑगस्ट १९०९, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन-अ‍ॅनाहाइम भागात. घरची संत्र्यांची बाग. आठव्या वर्षी ट्यूमरमुळे डावा डोळा गेला, तिथे काचेचा डोळा बसला. त्याच्या एका मामा-काकांपैकी कुणाचं तरी गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. तिथे दुकानाबाहेर मोठ्याने वाजणारा घरगुती बनावटीचा रेडिओ पोराने ऐकला आणि मग ते वेड आयुष्यभर सुटलं नाही. शाळेत असतानाच तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला. पण पोटासाठी हिशेबनिशी. मंदीच्या काळात त्याही नोकऱ्या गेल्या, तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. प्लेसमेंट हुकलेल्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुकानात रेडिओबरोबर वादकांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि पिकअपही दुरुस्तीला यायचे. लिओ बघायचा की काय तुटतं, कुठे तुटतं, कुठला सांधा सैल होतो. त्याची पुढची सगळी डिझाइन्स याच बघण्यातून आली आहेत असं माझं मत आहे. १९५० च्या सुमारास त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, जी पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. तिची मान स्क्रूने बसवलेली होती. खराब झाली की काढा, दुसरी लावा. व्हायोलिन बनवणाऱ्या घराण्यातला कारागीर असा विचार करणार नाही, रेडिओवाला करतो.

आणि १९५१ साली आला प्रिसिजन बेस. तोवर बँडमध्ये बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. तो गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि ड्रम व इलेक्ट्रिक गिटारपुढे त्याचा आवाज कुणाला ऐकूही जायचा नाही. शिवाय त्याला पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर इकडेतिकडे झालं की सूर गेला. लिओने ३४ इंच लांबीच्या तारा, पडदे आणि एक पिकअप असं आडवं वाद्य बनवलं. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच पडद्यांचा इलेक्ट्रिक बेस केला होता, हे सांगायलाच हवं. पण तो चालला नाही. लिओचा चालला, कारण त्याच्या पाठोपाठ १९५२ साली खास बेससाठी बासमन हा अ‍ॅम्प्लिफायरही आला. मंक माँटगोमेरीने लायोनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडमध्ये हे वाद्य वाजवलं. पुढे मोटाउनच्या जेम्स जेमरसनने प्रिसिजनवर जे करून ठेवलंय ते आम्ही अजून कॉपी करतोय, तेही नीट जमत नाही.

आता आपल्या वायरीकडे. वादक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामधली केबल ही नुसती तांब्याची तार नसते, तो एक कपॅसिटरही असतो. मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटरला ६००. प्रिसिजनचा पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल, आणि पुढे २५० किलो-ओहमचा व्हॉल्यूम पॉट. विद्युतदृष्ट्या पॉट मध्यावर आणला की सोर्स रेझिस्टन्स होतो सुमारे ६२ किलो-ओहम. आरसी फिल्टरचं सूत्र लावा, कटऑफ येतो सव्वाचार किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणजे बोटांचा खणखणीतपणा वायरीतच मरतो. तार लांब, तर आवाज अधिक मऊ. ज्याला आपण जुना उबदार आवाज म्हणतो त्यातला थोडा भाग या फिल्टरचा आहे.

लिओचं आयुष्य मधल्या काळात मात्र बिघडलं. १९५० च्या दशकात त्याला सायनसचा चिवट संसर्ग झाला आणि तब्येत खालावत गेली. आपण फार जगत नाही असं वाटून त्याने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सी.बी.एस.ला १.३ कोटी डॉलरना विकली. काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरने तो संसर्ग बरा केला! माणूस ठणठणीत, पण कंपनी गेली, आणि तिच्याबरोबर गिटारीवर लिहायचं स्वतःचं नावही गेलं. या माणसाची कीव करावी की नाही, यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत चर्चा झाली आहे. एवढे पैसे मिळाल्यावर कसली कीव, असं बहुमत. मी अल्पमतात.

कारण तो घरी बसला नाही. करारातली स्पर्धाबंदीची मुदत संपता संपता तो म्युझिक मॅन कंपनीत उघडपणे आला आणि १९७६ साली स्टिंगरे बेस आला. त्यात बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प वाद्याच्या पोटातच होता. आउटपुट इंपिडन्स खाली आला, त्यामुळे केबलच्या कपॅसिटन्सचा प्रश्न जवळजवळ मिटला. वायर तीच, पण तिचा त्रास गेला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, डिसेंबर १९७६ मध्ये, फ्लोरिडातल्या लेकलँडला किस या बँडचा गिटारवादक एस फ्रेली स्टेजवर शॉक लागून कोसळला. त्याने धातूच्या कठड्याला हात लावला होता. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि दोन ग्राउंडमध्ये व्होल्टेजचा फरक असला की मधला रस्ता आपणच. फ्रेली वाचला. त्यानंतर किसने केन शॅफरची वायरलेस यंत्रणा घेतली. तिच्यात दोन रिसीव्हर असत, आणि ज्याला सिग्नल चांगला त्याचा आवाज पुढे जाई. रेडिओ दुरुस्तीतून आलेल्या लिओच्या वाद्यांना अशा रीतीने रेडिओ भेटला, पण तो दुसऱ्याने लावला.

माझा निर्णय विचाराल, तर वायरलेस घ्यायचं. हॉलच्या जुन्या सॉकेटचं अर्थिंग मी मल्टिमीटरने तपासलंय, तो आकडा इथे छापण्यासारखा नाही. तिथलं अर्थिंग दुरुस्त व्हायलाच हवं, पण निदान माझ्या कमरेपासून अ‍ॅम्पपर्यंतचा धातूचा रस्ता तुटतो. डिजिटल सेटमध्ये पाच मिलिसेकंद उशीर झाला तरी तो अ‍ॅम्पपासून पावणेदोन मीटर लांब उभं राहण्याएवढाच. खरी भीती २.४ गिगाहर्ट्झची आहे. तोच बँड वायफायचा आणि ब्लूटूथचा, आणि समोर हजार पोरं खिशात फोन घेऊन. म्हणून रिसीव्हर मागे ठेवायचा नाही, स्टेजच्या कडेला माझ्या नजरेसमोर ठेवायचा, आणि जुनी केबल गुंडाळून अ‍ॅम्पवर तयार. काही महागड्या सेटमध्ये केबलसारखा मऊ आवाज परत आणणारं एक सेटिंगही असतं. वायर काढायला पैसे द्या, मग वायर परत आणायला बटण दाबा!

लिओ १९८० च्या सुमारास पुन्हा नव्याने उभा राहिला. जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनबरोबर त्याने जी अँड एल ही कंपनी काढली. तिथल्या वाद्यांवर फेंडर लिहिता येत नव्हतं, पण कारखाना ज्या रस्त्यावर होता त्याचं नाव मात्र फेंडर अ‍ॅव्हेन्यू. शेवटच्या वर्षांत पार्किन्सन्सने हात थरथरत, तरी तो आपल्या टेबलाशी येऊन पिकअप आणि ब्रिजवर काम करायचा. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. वय ८१.