दगड थकतो का? – जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट

कितीही समजावलं तरी ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही, त्याला आपण सरळ 'दगड' म्हणून मोकळे होतो. आणि त्याच आपल्या महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांनी निर्जीव भिंत चालवली, ही गोष्ट घराघरात सांगतात. आचोळ्याहून पूर्वेला पाहिलं की तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात. हा काळा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दख्खनच्या या दगडातल्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. ते तिथेच हळूहळू वाढलेले असतात. मग जे वाढतं ते जिवंत म्हणायचं का?

हा प्रश्न कीर्तनात शोभतो, पण फिजिक्सच्या लॅबमध्ये? एका माणसाने जवळजवळ असाच प्रश्न लॅबमध्ये विचारला आणि त्याची किंमतही मोजली. ते म्हणजे सर जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, तेव्हाच्या बंगालमधला. वडील सरकारी अधिकारी. त्या काळात अशा घरातली मुलं थेट इंग्रजी शाळेत जायची. पण वडिलांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसं आधी कळली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. तिथे वर्गात शेजारी कोळ्याचा मुलगा बसायचा, त्याच्याकडून पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. (आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी हे जरूर वाचावं!) पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स, मग इंग्लंड. आधी डॉक्टर व्हायला गेले, पण तब्येतीने साथ दिली नाही, म्हणून केंब्रिजला विज्ञान शिकले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले. युरोपियन प्राध्यापकांपेक्षा भारतीयांना पगार कमी. बोस यांनी भांडण केलं नाही, काम सोडलं नाही. फक्त तीन वर्षं पगार घेतला नाही! शेवटी सरकारला मागची सगळी बाकी पूर्ण दराने द्यावी लागली. धड लॅब नव्हती. एका छोट्या खोलीत, स्थानिक कारागिराकडून उपकरणं बनवून घेऊन त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी तयार केल्या. १८९५ च्या सुमारास त्यांनी लोकांसमोर या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली.

आता खरी गोष्ट सुरू होते. या लहरी पकडण्यासाठी 'कोहीरर' नावाचं यंत्र लागायचं, म्हणजे धातूच्या कणांचा किंवा स्प्रिंगांचा सैल संपर्क. १८९९ च्या आसपास बोस यांच्या लक्षात आलं, की सतत वापरलं की हे यंत्र मंदावतं आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा ठीक होतं. दुसऱ्या कोणी रीडिंग चुकलं म्हणून पान फाडलं असतं. आपण तर सबमिशनच्या आदल्या रात्री ग्राफ 'जुळवून' टाकतो! बोस यांनी तो वाकडा ग्राफ जपून ठेवला. तो थकलेल्या स्नायूच्या ग्राफसारखा दिसत होता.

मग त्यांनी कथिलाच्या तारेला पीळ देऊन तिच्यात उठणारी वीज मोजली. काही रसायनांनी हा प्रतिसाद वाढला, काहींनी मंदावला आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने तर विष दिल्यासारखा बंद पडला. १९०० मध्ये पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादातलं हे साम्य मांडलं. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत मात्र नामांकित शरीरशास्त्रज्ञ विरोधात उभे राहिले आणि पेपर छापला गेला नाही. बोस मागे हटले नाहीत. १९०२ मध्ये त्यांनी सगळे प्रयोग स्वतःच्या पुस्तकात मांडले.

बोस यांनी दगडात जीव असल्याचं सिद्ध केलं, असं आजही अभिमानाने सांगितलं जातं. ते खरं नाही. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: सजीवासाठी निराळी गूढ शक्ती मानायची गरज नाही, दोन्हीकडे निसर्गाचे तेच नियम चालतात. यंत्राचा 'थकवा' संपर्काच्या जागी पृष्ठभागावर होणाऱ्या बदलांमुळे येतो, हे आज आपल्याला माहीत आहे. स्फटिक वाढतो, योग्य द्रावणात ठेवला तर तुटलेला कोपराही भरून काढतो. पण तो खात नाही, आणि वाढ थांबली तरी तसाच टिकतो. सजीवाला मात्र टिकण्यासाठी सतत ऊर्जा लागते, आणि तो आपले गुण पुढच्या पिढीला देतो. प्रतिसाद देणं म्हणजे जाणीव असणं नव्हे. तसं असतं तर होस्टेलची डोअरबेलही जिवंत ठरली असती!

मग बोस यांचे दिवस वाया गेले का? मला नाही वाटत. याच काळात त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक घेऊन लहरी आणि प्रकाश ओळखणारा 'कृत्रिम डोळा' बनवला. त्याला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. सेमीकंडक्टर उपकरणाचं ते जगातलं पहिलं पेटंट मानतात. पैशाची हाव नसल्याने ते त्यांनी चालूही ठेवलं नाही. पुढे ते वनस्पतींकडे वळले आणि झाडांतले विजेचे संदेश मोजले. झाडांना आपल्यासारखी जाणीव असल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण ते संदेश खरे आहेत. १९१७ मध्ये त्यांनी बोस इन्स्टिट्यूट उभारली. १९२० मध्ये ते त्याच रॉयल सोसायटीचे फेलो झाले! त्याच वर्षी त्यांचं चरित्र आलं. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा आपल्याच मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे बोस गेले.

दगड जिवंत निघाला नाही. पण त्याला प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती सेमीकंडक्टर लागला, आणि आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये त्याच जातीचे स्फटिक काम करतात. तेव्हा दोस्तहो, पुढच्या प्रॅक्टिकलला एखादं रीडिंग वाकडं आलं, तर खोडरबर हातात घेण्याआधी जरा थांबा. ते तसं का आलं, एवढं तरी त्याला विचारा!