आकाशवाणीचे डॉ. केसकर

मंडळाच्या कार्यकारिणीत दरवर्षी एक वाद ठरलेला असतो : यंदा ऑर्केस्ट्रा की शास्त्रीय गायन? हाच वाद एका मराठी माणसाने साऱ्या देशाच्या पातळीवर दहा वर्षे लढवला. त्यांचे नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

जन्म १९०३, पुणे. शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसला. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर रमलेले. लोकसभेवर निवडून गेले तेही उत्तर प्रदेशातून. १९५२ ते १९६२ ते केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. स्वतः ध्रुपद शिकलेले. राजेरजवाडे गेले, आता गवयांना आश्रय सरकारनेच द्यायला हवा, ही त्यांची तळमळ होती. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पंडित रविशंकरांच्या हाती वाद्यवृंद आला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. कलाकारांच्या चाचण्या घेऊन श्रेणी ठरू लागल्या. त्यावर मोठमोठे गवई रुसलेही. पण खेड्यातल्या माणसाला घरबसल्या अव्वल गाणे ऐकायला मिळाले, हे ऋण मोठे आहे.

पेटीवरची बंदी मात्र उगाच त्यांच्या नावावर खपते. ती १९४० पासूनची; त्यांनी ती उठवली नाही, इतकेच.

चित्रपटगीतांवर मात्र त्यांचा खरोखर राग होता. त्यांनी ती अगदी कमी केली. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद. चिडलेल्या निर्मात्यांनी गाण्यांची परवानगीच काढून घेतली. रेल्वेतल्या आपल्या मंडळींना सांगायला नको, ब्लॉक घ्यायचा तर आधी गाडी वळवायला दुसरी लाइन लागते. इथे ती होती, पण कोलंबोत! श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सायानींची बिनाका गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित होई, टेप कोलंबोला जाई आणि तिथून साऱ्या भारताला ऐकू येई.

शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये, केसकरांच्याच कारकिर्दीत, विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते सन्मानाने परतली. तिची धुरा होती कवी आणि चित्रपट गीतकार पंडित नरेंद्र शर्मांकडे. त्याआधी, १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झाले होते. गदिमा आणि बाबूजी, दोघेही चित्रपटसृष्टीतलेच. चांगले गाणे कुठल्या दारातून येईल, हे मंत्रालयाला ठरवता येत नाही, असे मला वाटते.

१९६२ मध्ये निवडणूक हरल्यावर केसकरांनी नॅशनल बुक ट्रस्टची धुरा सांभाळली. १९८४ साली ते गेले.

त्यांचा हेतू शंभर टक्के खरा होता; लोकांची आवड हुकमाने बदलेल, हा हिशेब तेवढा चुकला. म्हणून माझे मत विचाराल तर कार्यकारिणीने एक दिवस गवयाला द्यावा, एक ऑर्केस्ट्राला. दोन्ही दिवशी बाप्पा ऐकणारच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!