ज्याने आपल्याच गाड्या मोडल्या

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला एका लिलावात १९६२ सालची फेरारी २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी ५ कोटी १७ लाख डॉलरला विकली गेली. ही बातमी मी वडिलांना वाचून दाखवली. माझे वडील तालुक्याच्या गावी डेंटिंगचे काम करतात. ठोकर बसलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करण्यात त्यांची तीस वर्षे गेली. शाळा चौथीत सुटली, पण हिशेब तोंडी होतो. त्यांनी प्रथम गाडीचे वजन विचारले. नऊशे किलोच्या आसपास, असे मी सांगितले. डॉलरला त्र्याऐंशी रुपये धरून त्यांनी काढले की किलोला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लाख पडले, म्हणजे त्या वर्षीच्या सोन्याच्या भावाच्या पाऊणपटीहून जास्त! मग त्यांनी विचारले की ज्याने ही गाडी बनवली त्याला यातले काय मिळाले. मला उत्तर देता येईना. म्हणून मी ग्रंथालयात बसून त्या बनवणाऱ्याचे चरित्र वाचून काढले. ते माझ्या कुवतीप्रमाणे येथे सांगतो.

एन्झो फेरारीचा जन्म १८९८ च्या फेब्रुवारीत इटलीतील मोदेना या गावी झाला. त्या दिवशी बर्फ इतके पडले होते की जन्माची नोंद दोन दिवस उशिराने झाली. (आमच्या भागात निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, ती मास्तरांनी घातलेली. तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही.) वडिलांचा लोखंडकामाचा छोटा कारखाना होता आणि त्यात रेल्वेला लागणारे सामान बनत असे. १९०८ मध्ये, दहा वर्षांच्या वयात, एन्झोने बोलोन्याला मोटारींची शर्यत पाहिली आणि त्याला तेच वेड लागले. परंतु १९१६ साल उजाडले आणि एकाच वर्षात वडील व थोरला भाऊ दोघेही गेले. कारखाना बंद पडला. एन्झोला सैन्यात बोलावणे आले. तेथे त्याच्या वाट्याला काय काम आले असेल, तर खेचरांना नाल ठोकण्याचे! पुढे तो मरणाच्या दारातून परत आला, तो सैन्यातून मोकळा होऊनच.

१९१८-१९ च्या हिवाळ्यात तो शिफारसपत्र घेऊन तुरीन शहरी फियाट कंपनीत नोकरी मागायला गेला. कंपनीने नकार दिला. वालेंतिनो बागेतल्या एका बाकावरचे बर्फ झाडून तो तेथे बसला आणि रडला. हीच ती फियाट. तिच्याच परवान्यावर कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. माझ्या वडिलांनी पत्र्याचे काम शिकले तेही कुर्ल्याच्या एका गॅरेजात, याच फियाट गाड्यांवर.

पुढे १९२० मध्ये अल्फा रोमिओ कंपनीने एन्झोला चालक म्हणून घेतले. तो बरा चालक होता, फार मोठा नव्हता, आणि हे त्याला स्वतःला कळत होते. १९२३ मध्ये राव्हेनाजवळची शर्यत जिंकल्यावर महायुद्धात पडलेला वैमानिक बाराका याच्या आईवडिलांशी त्याची ओळख झाली. बाराकाच्या विमानावरचा उधळता काळा घोडा त्याला त्यांच्याकडूनच मिळाला. १९२९ मध्ये त्याने ‘स्कुदेरिया फेरारी’ हा स्वतःचा संघ काढला, पण गाड्या अल्फाच्याच होत्या. १९३२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव दीनो. त्यानंतर एन्झोने शर्यतीत गाडी चालवणे सोडून दिले. १९३९ मध्ये अल्फाशी बिनसले. चार वर्षे आपले नाव शर्यतीसाठी वापरायचे नाही, अशी अट होती. युद्धात त्याने यंत्रसामग्री बनवली, कारखाना मारानेल्लो या खेड्यात हलवला, त्यावर बॉम्ब पडले, तो पुन्हा उभा केला. १९४७ मध्ये स्वतःच्या नावाची पहिली गाडी तेथून बाहेर पडली. त्याच वर्षी तुरीनच्या वालेंतिनो बागेतील शर्यत त्याच्या गाडीने जिंकली. एन्झो शोधत शोधत त्याच जुन्या बाकापाशी गेला आणि पुन्हा रडला. चरित्रातला हा प्रसंग मी दोनदा वाचला.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. या माणसाला जुन्या गाडीची काडीइतकी माया नव्हती. श्रीमंतांना रस्त्यावरच्या गाड्या विकायच्या त्या शर्यतीचा खर्च निघावा म्हणून, आणि शर्यत खेळायची ती पुढची गाडी अधिक चांगली व्हावी म्हणून. हंगाम संपला की गाडीचे उपयोगी भाग नव्या गाडीत जात. उरलेली गाडी कोणी घेतली तर ठीक, नाही तर मोडीत. १९६१ मध्ये शार्कसारख्या नाकाच्या ‘१५६’ या गाडीने फिल हिल जगज्जेता झाला. त्या गाड्यांपैकी आज मूळची एकही शिल्लक नाही. त्या सगळ्या कारखान्यातच मोडून टाकण्यात आल्या! आज एक जरी असती तर लिलावात तिने काय भाव खाल्ला असता, याची कल्पनाच करावी.

परंतु या गाड्यांची दुसरीही एक किंमत होती. १९५६ मध्ये दीनो स्नायूंच्या असाध्य रोगाने चोवीस वर्षांचा असतानाच वारला. पुढे एन्झो नेमाने त्याच्या थडग्यापाशी जात असे. १२ मे १९५७ रोजी मिल्ले मिल्या शर्यतीत ग्विदिझोलो गावाजवळ फेरारी ३३५ एस गाडीचे टायर फुटले. चालक दे पोर्तागो, त्याचा जोडीदार आणि रस्त्याच्या कडेचे नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यांत पाच मुले होती. एन्झोवर खटला भरला गेला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच दोन वर्षांत कास्तेल्लोत्ती, मुस्सो, कॉलिन्स हे त्याचे चालक एकामागून एक गेले. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्याची तुलना स्वतःची मुले गिळणाऱ्या सॅटर्न देवाशी केली. पोटचा मुलगा गेलेल्या बापाला ती कशी लागली असेल, कोण जाणे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात एका ३३५ एस गाडीला ३ कोटी २० लाख युरोंहून अधिक मिळाले. अर्थात ती अपघातातली गाडी नव्हे, तिची बहीण. पण गाडीमागचा इतिहास जितका दाट तितका भाव चढा, असा या बाजाराचा नियम आहे, आणि तो इतिहास कशाकशाचा बनलेला आहे हे पाहिले की मन सुन्न होते.

ज्या जीटीओपासून आपण सुरुवात केली ती १९६२ ते १९६४ या काळातली. अशा अवघ्या ३६ बनल्या. अमेरिकेत नवीची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती, आणि ती कोणाला द्यायची हे एन्झो ठरवी. दहा वर्षांत ती जुनी शर्यतीची गाडी होऊन बसली. एक तर टेक्सासमधील एका शाळेला मोटारदुरुस्ती शिकवण्यासाठी देऊन टाकली होती. १९७२ च्या सुमारास ती काही हजार डॉलरला गेली आणि नंतर ओहायोत वर्षानुवर्षे उघड्या शेतात पडून होती. गाडी तीच, पत्रा तोच. १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो वारला, तेव्हा तो नव्वद वर्षांचा होता. त्यानंतर भाव असे उसळले की वर्षभरात लोक चक्रावले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते कोसळलेही.

मग ही किंमत योग्य की अयोग्य? छत्तीस वस्तू आणि त्याहून अधिक धनिक असले की भाव चढणारच. त्यात मला गैर दिसत नाही. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने तर जीटीओच्या रूपाला कलाकृती मानले. पण ही कामाची किंमत आहे, असे मात्र मी मानणार नाही. काम झाले तेव्हा त्याची किंमत १८ हजार डॉलर होती आणि ती चुकती झाली. पुढचे सगळे पैसे या हातातून त्या हातात गेले. मारानेल्लोच्या एकाही कामगाराच्या घरी त्यातला छदाम गेला नाही. आमच्याकडे एका दाराचे पंधराशे सांगितले तर गिऱ्हाईक हजारावर येते, म्हणून मला हे अधिक लागले असेल, हेही कबूल करतो.

सुट्टीत घरी गेल्यावर हे सगळे मी वडिलांना सांगितले. फियाटचा नकार, खटला, लिलाव, सगळे त्यांनी काम करता करता ऐकले. मोदेनाच्या स्काल्येत्ती या कारागिराच्या कारखान्यात जीटीओचा ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून काढत, आणि म्हणून कोणत्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत, असे सांगितले तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी मला जवळ बोलावून समोरच्या जीपच्या मडगार्डवर डोळे मिटून तळवा फिरवायला लावला. कुठे चढ लागतो का, विचारले. मला लागला नाही. त्यांनी माझे बोट धरून एका जागी टेकवले. तेथे चढ होता. आजवर त्यांनी मला कधी हातोडी धरू दिली नव्हती. त्या दिवशीही दिली नाही. अभ्यासाला बस म्हणाले, आणि पुन्हा ठोकू लागले.