एख्तच्या मठातील एडिथ स्टाइन

१८९१ मध्ये ब्रेस्लाउच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन यांनी १९२२ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. १९३३ मध्ये ज्यूद्वेषाविरुद्ध चर्चने मौन सोडावे, अशी विनंती त्यांनी पोपना पत्राद्वारे केली आणि त्याच वर्षी कोलोनच्या कार्मेलाइट मठात प्रवेश केला. १९३८ च्या अखेरीस सुरक्षिततेसाठी त्यांना नेदरलँड्समधील एख्तला हलवण्यात आले.

२६ जुलै १९४२ रोजी कॅथलिक चर्चमधून ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारे डच बिशपांचे पत्र वाचले गेले. सूड म्हणून नाझींनी २ ऑगस्टला कॅथलिक झालेल्या ज्यूंना पकडले. त्यांत एडिथ आणि त्यांची बहीण रोझा होत्या. आठवड्याभरात आउश्विट्झमध्ये दोघींची हत्या झाली. १९९८ मध्ये चर्चने एडिथना संतपद दिले. मात्र त्यांना मृत्यू आला तो ज्यू म्हणून, याची आठवण अनेक ज्यूंनी करून दिली.