डफाच्या थापेवर जागलेले मैदान

दादरचे शिवाजी पार्क म्हटले की आज क्रिकेटचे नेट आणि संध्याकाळी फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक डोळ्यांसमोर येतात. १९२५ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या मैदानाला आणखी एक इतिहास आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात येथे आणि परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा होत. वक्ते व्यासपीठावर येण्यापूर्वी डफ कडाडे आणि गर्दी शाहिरांच्या स्वाधीन होई. त्या शाहिरांतील अग्रणी म्हणजे अण्णा भाऊ साठे.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचे मूळ नाव. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. बालवयातच वडिलांबरोबर पायी मजल दरमजल करीत ते मुंबईस आले. येथे पडेल ते काम केले, गिरणीत राबले, अक्षरओळखही स्वतःच्या प्रयत्नाने करून घेतली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळीशी त्यांचा संबंध आला आणि तेथेच त्यांच्या लेखणीला दिशा मिळाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले. तमाशा हा तेव्हा सुशिक्षितांनी नाक मुरडण्याचा प्रकार होता. अण्णा भाऊंनी त्याच तमाशाच्या अंगात नवा जीव ओतला. गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे यांना वंदन आले. शृंगारिक वगाऐवजी सावकार, काळाबाजारवाले आणि निवडणुकीतील शेटजी रंगमंचावर अवतरले. ‘अकलेची गोष्ट’ आणि ‘देशभक्त घोटाळे’ ही त्याचीच उदाहरणे. पुढे सरकारने पथकावर बंदी घातली. करमणुकीची भीती कोणत्याही सरकारला वाटत नसते. तेव्हा या बंदीतच पथकाच्या सामर्थ्याची कबुली होती, असे म्हणावे लागेल.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य मराठी माणसावर लादले गेले. याच काळात अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घराघरांत पोहोचली. पोटासाठी मुंबईत आलेला मजूर गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो, असा तिचा वरवरचा विषय. ऐकणारे बहुतेक गिरणी कामगार स्वतःच तो विरह भोगत होते. शेवटी ही मैना केवळ पत्नी राहत नाही. ती बेळगाव, कारवार, निपाणीची आठवण होते. राज्याच्या सीमेचा रूक्ष प्रश्न त्यांनी चाळीतल्या माणसाच्या काळजाला असा नेऊन भिडवला. अग्रलेखांना हे साधणे अवघड होते.

२ मार्च १९५८ रोजी दादरलाच पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वीचा भार पुराणातील शेषाने नव्हे, तर कष्टकऱ्यांच्या हातांनी पेलला आहे, ही मांडणी त्यांनी तेथे केली. पुढच्याच वर्षी आलेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी रशियाचा प्रवास केला.

हे सारे लेखन झाले ते घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, चित्रपट झालेल्या कथा एवढा पसारा असूनही दारिद्र्य त्यांना सोडून गेले नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, पण मैनेचा विरह संपला नाही. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. ज्यांच्या गाण्यांवर मैदाने भरली, त्या शाहिराची उपेक्षाही संपली नाही. अखेरच्या काळात ते गोरेगावला राहत होते.

१९६९ हे वर्ष त्या लढ्याच्या आवाजांवर घाला घालणारे ठरले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ अवघ्या ४८ व्या वर्षी गेले. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात मरण पावले. २००२ मध्ये टपाल खात्याने अण्णा भाऊंचे तिकीट काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला.