निवडुंगाच्या माळावरील कारखाना

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर उभे राहिले असता दूरवर काळीभोर जमीन पसरलेली दिसते. या जमिनीत कापूस, ज्वारी, तूर अशी पिके डोलतात. उन्हाळ्यात ती तापते, भेगाळते आणि पहिल्या पावसात लोण्यासारखी मऊ होते. परंतु हरळी आणि कुंदा या तणांनी तिच्यात एकदा मुळे रोवली म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. वरवर उपटून ही तणे जात नाहीत. त्यांची खोल गेलेली मुळे उघडी पाडून उन्हात तापवावी लागतात. आज हे काम ट्रॅक्टर करतो. त्यापूर्वी अनेक वर्षे ते बैलांनी ओढलेल्या लोखंडी नांगराने केले. असा नांगर आपल्या देशात तयार करून तो शेतकऱ्याच्या हाती देणारे गृहस्थ म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत विद्याव्यासंगी होते. मुलानेही ग्रंथ वाचावे, विद्वान व्हावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. पण लक्ष्मणाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढावी आणि यंत्रे पाहावी, याच त्याच्या आवडी. अशा मुलाविषयी घरात काळजीच अधिक वाटे. मात्र वडील बंधू रामूअण्णा यांनी त्याची ओढ ओळखली. त्यांच्याच साहाय्याने लक्ष्मणराव 1885 साली मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

चित्रकार व्हावयाचे, हे ध्येय आता नजरेसमोर आले होते. सुमारे दोन वर्षे मन लावून अभ्यास केल्यावर एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांमधील भेद लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना कळत नव्हता! चित्रकाराला रंग न ओळखता येणे म्हणजे गवयाला सूर न कळण्यासारखेच. सतरा-अठरा वर्षांच्या तरुणाला हा आघात केवढा वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध येथवर आलेला मुलगा आता कोणत्या तोंडाने परतणार?

लक्ष्मणराव परतले नाहीत. डोळ्यांना रंग कळत नसला, तरी रेषा कळत होती. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाही. त्यांना लागते ती अचूक रेषा आणि मोजमाप. म्हणून त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. तेथील कर्मशाळेतील यंत्रे कशी चालतात, कोठे बिघडतात आणि कशी जोडली जातात, हे त्यांनी बारकाईने पाहून घेतले. नेमलेल्या कामापलीकडचे हे शिक्षण त्यांना पुढे जन्मभर पुरले.

याच सुमारास, 1888 साली, बेळगावात रामूअण्णांच्या साहाय्याने सायकलींचे एक दुकान सुरू झाले. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवाव्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, अशी योजना होती. सायकल त्या काळी फार महाग आणि नवलाईची वस्तू होती. ती घेणाऱ्यास चालविता येत नसे. म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल चालविण्यास शिकवीत आणि त्याचे शुल्कही घेत. पगार मिळत असताना व्यापाराचे हे छोटेसे रोप दोघा भावांनी लावून ठेवले, हे शहाणपणाचे झाले. पुढे तंत्रशाळेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. स्वाभिमान पुष्कळांजवळ असतो. परंतु राजीनामा दिल्यावर दुसऱ्या दिवशी काय करावयाचे, याची तरतूदही लक्ष्मणरावांजवळ होती.

सायकलींचे दुकान हे त्यांचे ध्येय नव्हते. आपल्या हातांनी यंत्रे घडवावी, हा ध्यास होता. त्यांनी छोटासा कारखाना काढला आणि प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. नंतर त्यांची दृष्टी नांगराकडे वळली. आपला जुना लाकडी नांगर जमीन उकरीत असे. परंतु मातीचा थर पालथा करीत नसे. विलायतेहून येणारे लोखंडी नांगर हे काम करीत. मात्र त्यांचा फाळ झिजला की नवा फाळ मिळणे शेतकऱ्याला अवघड होते. हाच नांगर येथे घडविला आणि त्याचे सुटे भाग येथेच मिळू लागले, तर? लक्ष्मणरावांनी नमुने तपासले, साचे केले, ओतकाम शिकून घेतले आणि नांगर तयार केला.

नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला आज आपण हसू. पण तसे हसणे न्यायाचे नाही. ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो माणूस नवी वस्तू जपूनच हाती धरतो. शिवाय अशा नांगरासाठी पैसे मोजावयाचे, तेही आगाऊ. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! कारखान्यात माल पडून आहे, भांडवल अडकले आहे आणि गिऱ्हाईक नाही, अशा स्थितीत दिवस काढणे किती कठीण असते, हे व्यापाऱ्यालाच कळते. तरीही लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला नावे ठेवली नाहीत, किंवा नांगरही टाकून दिला नाही. पुढे हळूहळू शेतकऱ्यांनी नांगरटीचा गुण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि मागणी येऊ लागली.

कारखान्याला कोठे बरे दिवस येतात, तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावात नवी वसाहत आखली जाणार होती. त्यासाठी कारखान्याची जागा सोडावी, असे नगरपालिकेचे फर्मान आले. भट्टी, यंत्रे, कामगार यांना घेऊन जावयाचे कोठे? हाताशी पैसा नव्हता. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस धावून आले. हे राजेसाहेब स्वतः चांगले चित्रकार होते. ज्या चित्रकलेने लक्ष्मणरावांना दूर लोटले, तिचाच एक भक्त त्यांचा आश्रयदाता व्हावा, हा एक मौजेचा योग म्हटला पाहिजे. राजेसाहेबांनी त्यांना दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जागा देऊ केली.

ही जागा म्हणजे निवडुंगाने भरलेला ओसाड माळ होता. त्यात सापांचा सुळसुळाट. पाण्याची टंचाई आणि राहण्यास एक घरही नाही. 1910 सालच्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपल्या मंडळींसह येथे आले. तंबू ठोकले. निवडुंग तोडण्यापासून कामास आरंभ झाला. ही मंडळी तरी कशी होती? रामूअण्णांनी वसाहतीच्या आखणीचे काम अंगावर घेतले. शंभुराव जांभेकर यंत्रे सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. अनंतराव फळणीकर हे परीक्षेत नापास झालेले तरुण. परंतु लक्ष्मणरावांनी गुणपत्रिका पाहिली नाही, माणूस पाहिला. तुरुंगाची शिक्षा भोगलेल्या दोघांना तर त्यांनी चक्क राखणीचे काम दिले. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, त्याच्या हाती मालमत्ता सोपविण्याचे हे धाडस पाहून आसपासचे लोक चकित झाले असतील. पुढे येथे रस्ते झाले, घरे झाली, झाडे वाढली. अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा वसाहतीचा दंडक होता. त्या काळी हे सोपे नव्हते. या वसाहतीला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारे लोखंड मिळेनासे झाले. नांगराला तर मागणी होती. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. एके काळी किल्ल्यांवर धडधडलेले ते लोखंड नांगरांच्या रूपाने शेतात उतरले.

1920 साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. नांगरामागोमाग उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाणी उपसण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने अशा वस्तू येथे तयार होऊ लागल्या. यांपैकी बहुतेक यंत्रे शेतकऱ्याच्याच उपयोगाची होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि त्यांनी हा व्याप आणखी वाढविला. वयोमानाने थकल्यावरही लक्ष्मणराव स्वस्थ बसले नाहीत. म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे तयार करण्याचा जो कारखाना निघाला, त्यातही त्यांनी लक्ष घातले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव निवर्तले. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. बेळगावातील एका रस्त्यालाही किर्लोस्करांचे नाव आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी आजही सांगली जिल्ह्यातील त्या माळाजवळून जाते. तेथील स्थानकावर आता कुंडल रोड हे नाव नाही. पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.